श्यामलाच्या पाठीमागची पांढरी बाई

१

श्यामला कुलथेचं चॅनल शुक्रवारी दुपारी, भरल्या ताटावर नाहीसं झालं.

समोर स्टँडवर फोन, फोनच्या पलीकडे इंडोनेशियातली हजारो माणसं, ताटात भाकरी, एका वाटीत आपला ठेचा आणि दुसऱ्या वाटीत त्यांची मिरचीची चटणी, जिला ते संबल म्हणतात. दोन्हींत झणझणीत कोणती, याचा निकाल लावायचा होता. बाई नाका-डोळ्यांतलं पाणी पुसत घास घेत होती आणि मध्येच लाइव्ह बंद पडलं. तिला वाटलं, नेट गेलं. नेट ठणठणीत होतं. बेडरूममध्ये जाऊन पाहते तर लॅपटॉप उघडा, आणि त्यावर खातं कायमचं हटवल्याचा संदेश. सगळे व्हिडिओ, सगळे प्रेक्षक, कित्येक वर्षांची मेहनत कुणीतरी तिच्याच घरात बसून पुसून टाकली होती.

मला हे शनिवारी सकाळी कळलं, तेही वेनिंगच्या रडण्यातून.

मी रेखा. कुवेतमधल्या एका हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. वेनिंग माझी स्टाफ नर्स, इंडोनेशियाची, पूर्व जावातल्या एका गावची. पेशंटनं अंगावर ओकलं तरी चेहऱ्यावरची सुरकुती न हलणारी पोरगी. ती लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून रडत होती, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

श्यामला नाशिकची. नवरा सुरेश मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनियर, मुलगी सोनल शाळेत, आणि ही मंगफच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याच्या व्हिसावर बसलेली. तिनं स्वयंपाकाचे व्हिडिओ सुरू केले तेव्हा आम्हीच तिची थट्टा केली होती. मग माझ्याच घरी हळदीकुंकवाला तिची आणि वेनिंगची गाठ पडली. इंडोनेशियात आपल्या हिंदी मालिका घरोघरी पाहतात. साडी, नथ, कुंकू, सासू यांचं तिकडच्या बायकांना अपार कौतुक. वेनिंग शेजारी बसून भाषांतर करू लागली आणि श्यामला बघता बघता त्यांच्या घरातली झाली. दर शुक्रवारी दुपारी लाइव्ह, कारण तेव्हा तिकडे रात्रीच्या जेवणानंतरची निवांत वेळ असते. लाइव्ह संपलं की दोघी चहा घ्यायच्या, आणि लोकांनी काय काय लिहिलंय ते वेनिंग एकेक करून वाचून दाखवायची. श्यामलाला त्या चहाचं व्यसनच होतं.

"हे बघा, सिस्टर," वेनिंगनं फोन पुढे केला. श्यामलाच्या सहवासात ती मराठी बोलायला शिकली होती, थोडं मोडकंतोडकं, पण स्वच्छ.

मूळ व्हिडिओ चॅनलबरोबर गेला होता. पण इंडोनेशियातल्या कुणीतरी त्यातला तुकडा आधीच उचलून आपल्या पानावर चढवला होता आणि तो तिकडे वणव्यासारखा पसरला होता. श्यामला जेवतेय. तिच्या पाठीमागच्या पॅसेजमधून पडद्याच्या डावीकडून उजवीकडे एक आकृती सरकत जाते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, चेहरा दिसत नाही. त्यानंतर लगेचच लाइव्ह तुटतं.

"तिकडे सगळे म्हणतात, हे भूत. आमच्याकडे पांढऱ्या कपड्यातली बाई असते ना, तुमच्या हडळीसारखी."

"आणि इकडे?"

"इकडे म्हणतात, ती मी."

तिनं डोळे पुसले. "ताई आज पोलिसांत जाणार. दुपारी असरच्या अजाननंतर मंदूब येणार त्यांना घेऊन जायला."

मंदूब म्हणजे कंपन्यांची सरकारी कामं करणारा माणूस. तो ठाण्यात गेला की कागद हलतात. आणि असा एक कागद हलला की वेनिंगवर ट्रॅव्हल बॅन, मग नोकरी, मग अकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही. खरं-खोटं ठरेपर्यंत पोरगी रस्त्यावर. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दुसऱ्या सिस्टरच्या हातात वॉर्डाच्या किल्ल्या दिल्या.

२

गाडीत मी तिला सरळ विचारलं, "तू केलंस?"

"नाही."

"पांढरे कपडे कुठून आले?"

ते तिनं लपवलं नाही. इंडोनेशियातल्या बायका नमाजाच्या वेळी मुकेना घालतात. नेहमीच्या कपड्यांवरून ओढायचा पांढरा झगा, फक्त चेहरा उघडा. तिचा मुकेना तिच्या पिशवीत असतो.

"शुक्रवारी आम्ही घरी नसणार होतो," ती म्हणाली. "लाइव्ह वफ्राला होतं, शेतावर, ग्रीनहाउसमध्ये. ताईंचे वरच्या मजल्यावरचे शेजारी, जयदीपभाऊ, गाडीनं घेऊन गेले. तिथे इतकी धूळ उठली की काही दिसेना. परत आलो. ताईंचा साजशृंगार झालेलाच होता. वेळ झाली होती म्हणून जेवणाच्या टेबलावर फोन लावला आणि सुरू केलं. जयदीपभाऊ सरळ वर त्यांच्या घरी गेले."

"घरात आणखी कोण?"

"कुणी नाही. सोनल सकाळपासून सालमियाला मैत्रिणीकडे. सुरेशभाऊ ड्यूटीवर. मध्येच अजान झाली. मी ताईंना खूण केली आणि सोनलच्या खोलीत नमाजाला गेले. दार लोटलं होतं, पूर्ण लागत नाही ते. मी नमाजात असताना दारामागून पावलं गेली. मग बाहेरच्या दाराची कडी वाजली."

"मागे वळून नाही पाहिलंस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नमाजात वळत नाहीत, सिस्टर."

"मग हे त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. जयदीपभाऊ म्हणाले, कडी वाजली असं म्हणायला काय लागतं."

मंगफला पोहोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मी गाडी इमारतीच्या सावलीत लावली, एसी चालू ठेवला आणि तिला म्हटलं, तू इथेच बस. वर तिला कुणी घरात घेतलं नसतं आणि मला दारातला तमाशा नको होता.

मी उतरताना ती हळूच म्हणाली, "सिस्टर, आईनं पण तो व्हिडिओ बघितला. गावात सगळ्यांनी. कुणीतरी खाली माझं नाव लिहिलंय."

३

श्यामलाचे डोळे सुजून लाल झाले होते. मला पाहताच ती म्हणाली, "रेखाताई, तिची वकिली करायला आला असाल तर चहा घ्या आणि जा."

"चहा घेते," मी म्हटलं आणि बसले.

सोफ्यावर जयदीप होता. वरच्या मजल्यावर राहणारा, टेलिकॉम कंपनीतला, हुशार आणि हुशारी खिशात मावत नसलेला. सुरेश खिडकीपाशी उभा. सोनल फोनमध्ये.

"ताई, यात शंकेला जागाच नाही," जयदीप उठला. "इकडे या, दाखवतो."

त्यानं मला जेवणाच्या टेबलासमोर, जिथे फोनचा स्टँड होता तिथे उभं केलं. समोर श्यामलाची खुर्ची. खुर्चीमागे आडवा पॅसेज, मागची भिंत कोरी. "आता तुम्ही कॅमेरा. तुमच्या डाव्या हाताला पॅसेजच्या टोकाला काय आहे?"

"सोनलची खोली. आणि तिच्यापुढे बाहेरचं दार."

"उजव्या हाताला?"

"बेडरूम."

"व्हिडिओत बाई डावीकडून उजवीकडे जाते. म्हणजे सोनलच्या खोलीतून निघाली आणि बेडरूमकडे गेली. तिथे लॅपटॉप. पुढच्याच मिनिटाला चॅनल बंद. सोनलच्या खोलीत कोण होतं? वेनिंग. पांढरं कुणी घातलं होतं? वेनिंगनं. आणखी काय हवं?"

मी तिथे उभी राहून दोनदा मान डावी-उजवी करून पाहिली. त्याचं बोट कुठेही चुकत नव्हतं.

"पण का करेल ती?" मी विचारलं.

"तिला स्वतःचं चॅनल काढायचं असेल," श्यामला म्हणाली. "माझ्या जिवावर तिकडे ओळख झालीच आहे. मी तिला बहीण मानली हो. माझ्या हाताचं खाल्लं तिनं."

"सुरेशराव, तुम्हाला काय वाटतं?"

तो दचकला. "मी काय सांगणार? मी प्लांटवर होतो. जयदीप म्हणतो ते बरोबर दिसतंय."

"हे बिचारे धावत आले," श्यामला म्हणाली. "मी फोन केला आणि चहाला उकळी फुटायच्या आत दारात हजर. मला सावरलं, जयदीपला बोलावलं. संध्याकाळी चादर-बिदर काढून मशीनसुद्धा यांनीच लावलं. एरवी पाण्याचा पेला उचलत नाहीत."

"मंदूब तुमच्याच कंपनीचा का?" मी सुरेशला विचारलं.

"नाही, काशिफ माझ्या कंपनीचा," जयदीप म्हणाला. "सुरेशदादांचा रजेवर आहे."

सुरेशनं खिडकीबाहेर पाहिलं.

मी सोनलच्या खोलीत गेले. ती मागोमाग आली आणि दार लोटलं. दार खरंच पूर्ण लागत नव्हतं.

"तुला आईचं चॅनल आवडायचं नाही म्हणे."

"इट वॉज सो एम्बॅरसिंग, आंटी. पण मी डिलीट नाही केलं. आय वॉज इन सालमिया. आस्क हिना'ज मॉम."

हिनाच्या आईला मी तिथूनच फोन लावला. मुलगी दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर होती. सोनल रागावली नाही. पलंगाच्या कडेवर बसून तिनं नखं कुरतडायला सुरुवात केली.

"घरात आणखी काही बदललंय का गं अलीकडे?"

"आई इज आई." तिनं दुसरं नख धरलं. "बाबा थोडे वीअर्ड झालेत. आधी घरी आले की त्यांना प्लांटचा वास यायचा, यक्, मी म्हणायचे आधी शॉवर घ्या. नाउ ही स्मेल्स ऑफ कॉफी."

बाहेर असरची अजान सुरू झाली.

४

मी खाली धावले. श्यामलाला सांगितलं, वेनिंगला शेवटचं विचारून येते. दाखवायला माझ्याकडे एक पुरावा नव्हता आणि जयदीपकडे सगळे होते.

वेनिंग गाडीत फोन घट्ट धरून बसली होती. मी दार ओढून घेतलं. "त्या तुकड्याखाली लोक काय लिहितायत ते वाच. तुझं नाव कुणी लिहिलं, ते बघू."

ती वाचू लागली. आवाज कोरडा पडला होता. "भूत आहे. देवा वाचव. पाय जमिनीला लागत नाहीत. भूत. ताई, घर बदला. ही त्यांची मैत्रीण नर्स असेल. भूत. ताई, डाव्या हातानं जेवू नये. पुन्हा भूत. हे खोटं आहे, प्रसिद्धीसाठी..."

"थांब. भुताच्या आधी काय वाचलंस?"

"नर्स असेल म्हणून?"

"त्याच्यानंतर. हाताचं."

"ते सोडा, सिस्टर. आमच्याकडच्या आज्या. डाव्या हातानं कुणी घास घेतला की ओरडतात. आमच्यात ते फार वाईट."

"आपल्यातही वाईटच. किती जणींनी लिहिलंय?"

तिनं बोटानं भराभर खाली सरकवलं. "पुष्कळ. ही म्हणते, श्यामला ताईला इतकी वर्षं पाहते, कायम उजव्या हातानं जेवते, आज हे काय? ही म्हणते, भुतानं धरलंय म्हणून डावा हात." ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "पण ताई उजव्याच हातानं जेवत होत्या. मी शेजारी होते."

"तो तुकडा लाव."

तिनं लावला. मी तळहातानं पडद्याचा वरचा भाग झाकला, पॅसेज दिसू नये म्हणून. कालपासून सगळं जग पाठीमागच्या बाईकडे बघत होतं. पुढच्या बाईकडे कुणी धड पाहिलंच नव्हतं, आणि त्यात मीही आले. आता पाहिलं. श्यामला डाव्या हातानं भाकरी मोडत होती. तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. नथ उजव्या नाकपुडीत होती.

आमच्यात नथ डावीकडेच घालतात. श्यामलाचं नाक तर लहानपणी डावीकडेच टोचलंय, मी स्वतः तिच्या नाकाला सूज आली तेव्हा मलम लावलंय.

"वेनिंग, हा व्हिडिओ उलटा आहे. आरशात दिसावा तसा."

तिनं कपाळावर हात मारला. "हो की. दुसऱ्याचा व्हिडिओ चोरून चढवायचा तर तिकडे सगळे असंच करतात. उलटा केला की कंपनीच्या मशीनला ओळखू येत नाही, काढून टाकत नाहीत. मला माहीत होतं, सिस्टर. लक्षातच नाही आलं."

"श्यामलाच्या कसं नाही आलं लक्षात? तिचाच चेहरा."

"ताई स्वतःला कायम फोनमध्ये बघतात ना. लाइव्हच्या वेळी आपला फोन आपल्याला आरशासारखंच दाखवतो. बघणाऱ्यांना सुलट दिसतं. त्यांना हाच चेहरा रोजचा."

मी डोळे मिटून ते टेबल पुन्हा उभं केलं. पांढरी बाई पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाते. म्हणजे प्रत्यक्षात उजवीकडून डावीकडे. ती बेडरूमकडे गेलीच नव्हती. ती बेडरूममधून निघून, सोनलच्या दारामागून, बाहेरच्या दाराकडे गेली होती. वेनिंगनं ऐकलेली पावलं. वेनिंगनं ऐकलेली कडी.

गाडीमागे हॉर्न वाजला. काशिफ आला होता.

५

मी वेनिंगला हाताला धरून वर नेलं. श्यामला पर्स घेऊन दारातच उभी होती. तिचा चेहरा ताठ झाला.

"हिला घरात आणू नका, रेखाताई."

"पाच मिनिटं. मग तुला जिथे जायचं तिथे जा, मी स्वतः गाडी चालवते. जयदीप, काशिफला खाली थांबायला सांग."

मी तिला तिच्याच खुर्चीवर बसवलं आणि तुकडा हातात दिला. "पाठीमागे बघू नकोस. स्वतःकडे बघ. कुठल्या हातानं जेवतेयस?"

तिनं पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. तिचं बोट आपोआप नाकाकडे गेलं.

जयदीपला समजायला वेळ लागला नाही. तो मटकन खाली बसला. "फ्लिप केलाय. च्यायला, मी कसा विसरलो?"

"म्हणजे काय?" श्यामलानं विचारलं.

"म्हणजे तू जेवत असताना कुणीतरी बेडरूममधून निघून बाहेर गेलं," मी म्हटलं. "तुम्ही वफ्राहून आलात तेव्हा ते माणूस आधीपासून आत होतं. कुलूप तुटलेलं नव्हतं, म्हणजे त्याच्याकडे किल्ली होती. तुम्ही सगळे बाहेर असणार हे त्याला ठाऊक होतं, धूळ उठून परत याल हे नव्हतं. किल्ल्या किती जणांकडे आहेत, श्यामला?"

"आमच्या तिघांकडे. सोनल तर..." ती थांबली. "नाही. काहीतरीच काय. हे प्लांटवर होते."

मी खिडकीकडे वळले.

"सुरेशराव, मीना अब्दुल्लाच्या प्लांटमधून बाहेर पडायचं तर कपडे बदला, गेटवर पास दाखवा, मग रस्ता. तुम्ही चहाला उकळी फुटायच्या आत आलात. कंपनीचा मंदूब रजेवर असला तर कंपनी दुसरा देते, शेजाऱ्याचा मागायची वेळ येत नाही. घरात पेला न उचलणारा माणूस नेमका कालच चादर धुतो. आणि फिल्डवरचा माणूस घरी येतो तेव्हा त्याला कॉफीचा वास येत नाही. मी चुकत असेन तर आत्ता शिफ्टवर असलेल्या तुमच्या कुणा सहकाऱ्याला फोन लावा, स्पीकरवर. काल तुम्ही कामावर होतात एवढं त्यानं सांगितलं की मी वेनिंगला घेऊन जाते आणि सगळ्यांची माफी मागते."

त्यानं खिशातून फोन काढला. हातात धरला. लावला मात्र नाही.

"अहो, लावा ना," श्यामला म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "लावा आणि यांचं तोंड बंद करा."

"मला काढलंय," सुरेश म्हणाला. "उन्हाळ्याच्या आधीच."

६

सगळं बाहेर यायला फार वेळ लागला नाही. नोकरी गेली त्या दिवशी त्यानं घरी सांगितलं नाही, आणि पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून मग रोजच सांगता आलं नाही. सकाळी कामाचा कव्हरॉल घालून निघायचं, गाडीत नाहीतर कुठल्यातरी कॉफीच्या दुकानात बसायचं, नोकऱ्यांसाठी अर्ज पाठवायचे. अकामा अजून शिल्लक होता, त्याच्या भरवशावर ढकलत होता. शुक्रवारी घर मोकळं असणार म्हणून तो झोपायला आला. दारात आवाज झाला तेव्हा बेडरूममध्ये कोंडला गेला.

"तुम्ही उठता कधी ते कळावं म्हणून लॅपटॉपवर लाइव्ह बघत होतो," तो म्हणाला. "खाली लोक लिहीत होते. मी ते नेहमी भाषांतर लावून वाचतो. एका बाईनं लिहिलं, ताई, माझा नवरा तुमच्या साहेबांच्याच प्लांटमध्ये वेल्डर आहे, तो म्हणतो साहेबांना काढलं, आता तुमचं कसं चाललंय? मी ते पुसलं. तिनं पुन्हा लिहिलं. मग दुसऱ्या विचारायला लागल्या, खरं का, खरं का. श्यामलाला वाचता येत नाही. पण लाइव्ह संपल्यावर चहाला बसून वेनिंग सगळं वाचणार होती. ती नमाजाला गेली तेवढाच वेळ होता माझ्याकडे. मला दुसरं काही सुचलं नाही. सगळंच पुसलं. दाबल्यावरही लाइव्ह थोडा वेळ चालूच राहिलं, आणि मला तिथून बाहेर पडायचं होतं."

"आणि चादर?" मी विचारलं.

"पॅसेजमधून गेलो तर कॅमेऱ्यात दिसणार. पांढरी चादर हाताशी होती. डोक्यावरून घेतली. दिसलंच तर वेनिंग वाटेल, असं मनात आलं. आलं मनात. मी नाही म्हणणार नाही."

मला त्याची कीव येत होती. हे वाक्य ऐकलं आणि ती गेली. नोकरी गेलेली माणसं कुवेतमध्ये मी ढिगानं पाहिली आहेत. त्यांतल्या कुणी आपली लाज झाकायला दुसऱ्याच्या लेकीला पुढे केलेलं नव्हतं.

श्यामला रडली नाही. तिनं सोनलला आत पाठवलं, जयदीपला खाली जाऊन काशिफला परत धाडायला सांगितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "बसा या खुर्चीत."

"कशाला?"

"हिच्या आईनंसुद्धा व्हिडिओ बघितला असणार. हिचं नाव गेलंय तिकडे सगळीकडे. आता तुम्ही सांगायचं. वेनिंगच्या खात्यावरून सांगा, माझं तर राहिलंच नाही."

तो बसला. तिनं फोन स्टँडला लावला. त्यानं मान खाली घातली आणि पुटपुटला, "मी केलं एवढं सांगतो. नोकरीचं सांगायलाच हवं का? दोन ठिकाणी बोलणी चाललीत माझी."

"कारण सांगितलं नाही तर कुणी विश्वास ठेवणार नाही," मी म्हटलं. "लोक म्हणतील, नर्सला वाचवायला नवऱ्याला बसवलं."

त्यानं वेनिंगकडे पाहिलं. भाषांतर तीच करणार होती. तिनं गाळलं असतं तर आमच्यातल्या कुणालाही कळलं नसतं.

"तुम्ही बोला, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल ते मी सांगेन. जास्त नाही, कमी नाही."

तो बोलला. अडखळत, पाणी पीत, पण सगळं बोलला. प्रत्येक वाक्यामागून तिचा शांत, सपाट आवाज येत होता. नोकरीच्या वाक्याला तो थांबला, तेव्हा तीही थांबली आणि वाट पाहत राहिली. त्यानं ते म्हटलं. तिनं ते सांगितलं. चादरीचंही सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन, आवाज न बदलता. संपल्यावर फोन स्टँडवरून काढून तिनं पिशवीत टाकला. सुरेश उठून बेडरूममध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

आता टेबलापाशी आम्ही तिघी उरलो.

"वेनिंग," श्यामला म्हणाली, "रेखाताईंनी तुला विचारलं, तू केलंस का म्हणून?"

"हो. गाडीत."

"मी नाही विचारलं. सरळ पर्स उचलली. यांनी जे केलं ते केलं. पण तुला चोर मी ठरवलं. मला माफ कर गं."

वेनिंगनं तिचा हात हातात घेतला आणि थोडा वेळ धरून ठेवला. "मी रागावले नाही, ताई," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. मग तिनं हात सोडला आणि दारापाशी जाऊन बूट घालू लागली.

श्यामला तिच्यामागे गेली. "आपण नवं सुरू करू. आता घरही त्याच्यावरच चालवावं लागेल बहुतेक. येशील ना शुक्रवारी?"

वेनिंग बुटाच्या नाड्या बांधत राहिली. बांधून झाल्यावर उभी राहिली, पण वर पाहिलं नाही.

"शुक्रवारी ड्यूटी आहे, ताई."

श्यामलानं माझ्याकडे पाहिलं. वॉर्डाच्या ड्यूट्या मीच लावते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वेनिंगला दर शुक्रवारी सुट्टी मिळावी म्हणून तिनंच मला किती वेळा गळ घातली होती. येत्या शुक्रवारीही वेनिंगला सुट्टीच होती.

"हो," मी म्हटलं. "ड्यूटी आहे तिला."